बैठक पक्की आहे ना?

नवी गाडी घेतली की ती जमिनीला लगटून धावावी, अशी हौस हल्ली बऱ्याच तरुणांना असते. मूळच्या स्प्रिंगा काढून बाजारातल्या आखूड, ताठ स्प्रिंगा बसवायच्या, की गाडी इंचभर खाली येते आणि झोकदार दिसते. सातपुड्यात मात्र नेमकी उलटी गरज. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीला जाणाऱ्या जीपांना आमचूर-भगरीची पोती आणि माणसे पेलायची असतात, म्हणून तिथे पाट्यांत एखादा पाटा वाढवून घेतात. हौसेशी किंवा गरजेशी माझे भांडण नाही. बसवून झाले की पुन्हा कुणी वाकून पाहत नाही, हे मला खटकते.

स्प्रिंग खालच्या बाजूला एका वाटीत बसते. वाटीला बहुधा छोटी पायरी असते. स्प्रिंगचे टोक तिच्याशी भिडलेले हवे आणि रबराची गादी जागेवर हवी. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना वजनाने स्प्रिंग दबलेली असते, त्यामुळे चूक लपून राहते. घाटात एखादे चाक खड्ड्यावर लोंबकळले, की आखूड स्प्रिंग सैल पडते, जागच्या जागी फिरते आणि चाक टेकताना वाकडी बसते.

म्हणून तपासणी चाक लोंबकळत ठेवूनच करायची. गाडी जॅकने उचलावी, खाली भक्कम स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. मग स्प्रिंग हाताने फिरवून पाहावी. ती खुळखुळली, तर तिचे आणि त्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे जमलेले नाही, असे खुशाल समजावे. गाडी खाली घेतल्यावर दोन्ही बाजूंची उंची मोजावी. उभ्या गाडीत स्टेअरिंग वळवताना ‘टक्’ असा आवाज आला, तर पुन्हा उघडायला लावावे. चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे आणि शे-दोनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा पाहावे.

पाट्यांचा न्यायही हाच. मधल्या बोल्टचे डोके एक्सलवरच्या भोकात नीट बसलेले हवे आणि ओझे वाहून झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला हवेत. नाहीतर एक्सल सरकतो आणि गाडी एका अंगाला ओढू लागते.

कायदाही इथे गप्प नाही. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करायला १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठणकावून सांगितले. तेव्हा असा बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घेणेच शहाणपणाचे.

पण मला कायद्याहून मोठी वाटते ती मागच्या बाकावरची माणसे. मोलगीजवळच्या काठीच्या होळीला निघालेली म्हातारी किंवा कडेवर पोर घेऊन बाजाराला आलेली बाई, यांनी कुणालाही स्प्रिंग बदलायला सांगितलेली नसते. घाटात भोगावे मात्र त्यांनाच लागते. मिस्त्रीला राग येईल, म्हणून आपण विचारत नाही. वाचकहो, विचारा. “दादा, चाक उचलून बैठक पाहिलीत का?” एवढाच प्रश्न. चांगला मिस्त्री त्यावर रागावत नाही. तो जॅक आणायला जातो.