एका दमात ‘मार्काकार’!



माझी भाची अलोऱ्याला राहते. चिपळूण तालुक्यातलं हे गाव. कोयना प्रकल्पाची वसाहत तिथे आहे आणि कोळकेवाडीचं धरण अगदी जवळ. परवा तिचा फोन आला, ‘‘मामा, घोटाळा झाला!’’

धाकट्या भावासाठी तिने पाढ्यांचा खेळ पायथॉन भाषेत लिहिला होता. पायथॉनमध्ये नावं देवनागरीतही देता येतात, म्हणून मिळालेले मार्क साठवायला तिने ‘गुण’ हे नाव घेतलं. मग वाटलं, ‘मार्क’च बरं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल + एच दाबून तिने ‘गुण’च्या जागी सगळीकडे ‘मार्क’ घातलं. खेळ सुरू केला, तर पडद्यावर काय? ‘७ आणि ८ यांचा मार्काकार करा!’ धाकटे बंधुराज हसून लोटपोट!

संगणकाचं काही चुकलं का? छे! ‘गुणाकार’मध्येही ‘गुण’ आहेच की! त्याला अक्षरं दिसली, अर्थ नाही. प्रोग्रॅम बिनतक्रार चालला. अशी चूक आपल्यालाच पकडावी लागते.

मी तिला तीन युक्त्या सांगितल्या. पहिली, कंट्रोल + झेड. केलेला बदल मागे! ‘गुणाकार’ परत आला. दुसरी, एफ-२. ‘गुण’ या नावावर कर्सर ठेवून ही कळ दाबायची आणि नवं नाव द्यायचं. पायथॉनचं एक्स्टेन्शन बसवलेलं असलं, की तेवढं नावच बदलतं. अवतरणचिन्हांतला मजकूर जसाच्या तसा राहतो. तिसरी, कंट्रोल + एस. खेळ चालवून पाहिला, ठीक वाटला, की लगेच जतन करा. आषाढातल्या पावसात दिवे कधी जातील, सांगता येतं का?

कंट्रोल + एक्सने कापा, कंट्रोल + व्हीने चिकटवा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ही सोय १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. पण व्हीएस कोडमध्ये अख्खी ओळ हलवायला कापाकापीसुद्धा नको. आल्ट धरून वरचा किंवा खालचा बाण दाबा, ओळ सरकते!

कळा वेळ वाचवतात, खरं. पण एका कळीने शंभर कामं होतात, तशा शंभर चुकाही होतात. म्हणून दाबण्याआधी क्षणभर विचार करा.

आता तुमची पाळी. ‘वन’च्या जागी सगळीकडे ‘रान’ घातलं, तर ‘पवन’ आणि ‘जीवन’ यांचं काय होईल? संगणक न उघडता वहीत लिहा बघू!

तुमचा,
संगणकमामा