यंत्र चोख, करार खोटा

गिरगाव, परळ, लालबाग किंवा दादरचा दुकानदार दरमहा बेस्टचे बिल भरतो तेव्हा एकच आकडा पाहतो, शेवटचा. वरच्या ओळी वाचायला सवड कोणाला? पण त्या ओळींत स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो. कारखाना महिनाभर बंद राहिला तरी स्थिर आकार चुकत नाही. हा पैसा लागतो कशासाठी, हे समजून घ्यायचे तर वीज केंद्राचा करार कसा लिहिला जातो ते पाहावे लागते. महाराष्ट्राने या बाबतीत घेतलेला सर्वांत महागडा धडा गुहागर तालुक्यात उभा आहे.

त्याला दाभोळ प्रकल्प म्हणतात, पण दाभोळ हे जुने बंदर वाशिष्ठी खाडीच्या उत्तरेला, दापोली तालुक्यात आहे. केंद्र आहे दक्षिणेला, अंजनवेल-वेलदूरला. ज्यांची गावे त्या खाडीकाठी आहेत त्या वाचकांना हे सांगायला नको.

यंत्राबद्दल आमची तक्रार नाही. कंबाइंड सायकल ही पद्धत हुशारीची आहे. वायू जाळून एक टर्बाइन फिरवायचे, त्यातून बाहेर पडणारा कढत धूर वाया न घालवता त्यावर पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर दुसरे टर्बाइन फिरवायचे. बेकरीवाल्याने भट्टीच्या धुराड्यातील उष्णता पुन्हा कामाला लावावी, तसेच हे. जुन्या कोळशाच्या केंद्रात इंधनातील उष्णतेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची वीज होते. येथे निम्म्याहून अधिक.

खोट होती कागदात. जून 1992 मध्ये एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार झाला, तोही निविदा न मागवता. आपल्याकडे मशिदीच्या रंगकामालाही तीन भाव मागवतात! 8 डिसेंबर 1993 रोजी वीज मंडळाने खरेदी करारावर सही केली. कंपनीत एन्रॉनचा हिस्सा 80 टक्के, जनरल इलेक्ट्रिकचा 10 आणि बेक्टेलचा 10. जनरल इलेक्ट्रिक टर्बाइन विकणार, बेक्टेल बांधकाम करणार. म्हणजे बिल लावणारे आणि बिल तपासणारे एकाच गादीवर बसले.

त्याहून जड कलम पुढचे. केंद्र 90 टक्के तयार आहे एवढे कंपनीने दाखवले की तिचा स्थिर आकार देणे मंडळावर बंधनकारक, वीज उचलो वा न उचलो. इंधन महागले तर भार मंडळावर. डॉलर चढला तरी मंडळावर. वर राज्य सरकारची हमी आणि तिच्याही मागे केंद्राची प्रतिहमी. लालबागच्या डंकवाल्याने गिऱ्हाइकाला सांगितले, की मिरची आणा अथवा न आणा, वर्षाची मजुरी द्या, तीही डॉलरच्या भावाने, आणि तुमच्या थोरल्या भावाला जामीन ठेवा, तर त्या कागदावर कोण सही करील? व्यवहार बेताचा नाही हे जागतिक बँकेने 1993 मध्येच सांगून कर्ज नाकारले होते.

ऑगस्ट 1995 मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि जानेवारी 1996 मध्ये पुन्हा जुळवून घेतला. दर कागदोपत्री उतरला, क्षमता मात्र वाढून 2,184 मेगावॅट झाली आणि मूळ कलम तसेच राहिले. मे 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्त्यावर सुरू झाला. नाफ्ता महाग, रुपया घसरलेला, मंडळाची उचल कमी. त्यामुळे तोच स्थिर आकार थोड्या युनिटांवर वाटला जाऊन 2000 साली काही महिने युनिटचा भाव सात रुपयांवर गेला. मे 2001 मध्ये केंद्र थांबले. दुसरा टप्पा बहुतेक बांधून झाला होता. त्याच वर्षी 2 डिसेंबरला एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे काढले.

विजेची टंचाई खरी होती, परके भांडवल हवेच होते, असे काही जण म्हणतात. टंचाई खरीच होती. पण राज्याच्या खेड्यापाड्यांत तासन्‌तास भारनियमन चालू असताना हे केंद्र वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिले, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. 2005 मध्ये सार्वजनिक कंपन्यांनी ते रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने हाती घेतले, तेव्हा दुसरी गोष्ट पुढे आली: कच्चा माल. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि 2013 मध्ये केंद्र पुन्हा थंड पडले. आयात वायूच्या धक्क्यावर लाटा अडवणारा बंधारा अर्धवट राहिल्यामुळे पावसाळ्यात जहाज लागत नव्हते. 2015 च्या अखेरीस रेल्वेला सुमारे 500 मेगावॅट देण्यापुरते ते पुन्हा चालू झाले. समोरच्या उरणच्या सरकारी केंद्राचीही यंत्रे वायूअभावी कमी चाललेली आहेत.

उलट 1915 साली खोपोलीची वीज परळ-लालबागच्या गिरण्यांना आली, तेव्हा गिऱ्हाईक जवळ होते आणि इंधन म्हणजे घाटावरचा पाऊस. काळ वेगळा, हे मान्य. तरी गिऱ्हाईक कोण, माल कोठून येणार आणि रिकाम्या दिवसांचे भाडे कोणाच्या माथी, हे प्रश्न जुने होत नाहीत.

आज हे विचारण्याची जागा आहे. 1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग स्थापन झाला. 2003 च्या कायद्याप्रमाणे दर ठरवण्यापूर्वी त्याला लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. बेस्ट कोणाकडून, किती वर्षांच्या करारावर वीज घेते, त्यात स्थिर आकार किती, न उचललेल्या विजेचे काय, हे सारे त्या प्रस्तावात असते. सुनावणीची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते. हरकत मराठीतूनही देता येते. मोठ्या कंपन्यांचे वकील तेथे हजर असतात. मदनपुऱ्याच्या मागवाल्यांची, डोंगरीच्या जरीवाल्यांची, नागपाड्याच्या लेथवाल्यांची संघटना असेल तर तिनेही एका सभासदाला हिशेब समजून घेऊन पाठवावे. आयोगाचे कार्यालय कफ परेडच्या जागतिक व्यापार केंद्रात आहे, तेथवर बेस्टचीच बस जाते.