रोजा आणि कपाळावरची आठी

इफ्तारला पंधरा-वीस मिनिटे उरलेली असतात. कढईत कांदाभजी तळणे चालू असते आणि तळणाऱ्या बाईचा रोजा असतो. मीठ बरोबर पडले की नाही, हे तिला कळायचे कसे? मग घरातल्या सहा वर्षांच्या पोरीला हाक जाते. तिचा रोजा नसतो. दिवसभर ‘तू लहान आहेस’ म्हणून बाजूला सारलेल्या पोरीला त्या घटकेला घरात सर्वांत मोठा मान मिळतो. ती एक भजे खाते, छताकडे बघत विचार करते आणि नीट कळले नाही म्हणून दुसरे मागते. तिसऱ्यानंतर निकाल येतो, ‘अम्मी, थोडं कमी आहे.’ पहाटेपासून उपाशी असलेली आई हसते आणि पिठात चिमूटभर मीठ टाकते.

रमजानमध्ये असे प्रसंग घरोघरी घडतात. भर दुपारी कुणीतरी सवयीने माठापाशी जातो, गटागटा पाणी पितो आणि पेला रिकामा झाल्यावर त्याला रोजा आठवतो. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. विसरून खाल्ल्या-प्यायल्याने रोजा मोडत नाही, अशा माणसाला अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातले, त्याने आपला रोजा पूर्ण करावा, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. तरीही दिवसभर घरातले लोक त्याला विचारत राहतात, ‘आता जेवणाचंही विसरणार का?’

आपल्या भावाकडे हसऱ्या चेहऱ्याने पाहणे हासुद्धा सदका आहे, अशी हदीस तिर्मिजी शरीफमध्ये आहे. ती पुष्कळांना पाठ असते. (हसून जकात चुकवता येत नाही, हेही सांगायला हवे. कामगाराची मजुरी थकवून त्याच्याकडे गोड हसणारे मालक कमी नाहीत.) पण हा सदका लोक बहुधा घराबाहेर वाटून येतात. मशिदीच्या पायरीवर ते हसून सलाम करतात, बाजारात खजूरवाल्याशी थट्टा करतात, आणि घराचा उंबरा ओलांडला की कपाळावर आठी चढते. ‘अब्बांना रोजा लागलाय’ असे मुले दबक्या आवाजात एकमेकांना सांगतात आणि खेळ आवरता घेतात. रोजा त्यांच्या आईचाही असतो. ती सहरीसाठी सर्वांच्या आधी उठलेली असते. तिला मात्र रोजा ‘लागत’ नाही, की तो लागायला तिला सवड नसते?

जुन्या फकिहांनी माणूस चांगला ओळखला होता. रोजात कारणाशिवाय पदार्थ चाखणे मकरूह, म्हणजे नापसंत आहे. पण हनफी ग्रंथांत, औरंगजेबाच्या काळात संकलित झालेल्या ‘फतावा-ए-आलमगिरी’तही, एक सवलत नोंदलेली आहे. नवरा तापट असेल, तर बायकोने गिळू न देता जिभेच्या टोकाने मीठ चाखले तरी चालते. हा मसला ऐकून बायका हसतात. पुरुषांनी मात्र तो जरा थांबून वाचावा. ही सवलत बायकोला मिळाली आहे, आणि तिचे कारण म्हणून नवऱ्याचा स्वभाव ग्रंथात लिहिला गेला आहे.

आठीची बाब किरकोळ नाही. कुरआनातील ८०व्या सूरहचे नावच ‘अबस’ आहे, म्हणजे ‘त्याने कपाळाला आठी घातली’. प्रेषित (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गढले असताना अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) मध्येच काही विचारू लागले, तेव्हाचा हा प्रसंग असल्याचे बहुतेक भाष्यकार सांगतात. इब्ने उम्मे मकतूम अंध होते. चेहऱ्यावरची नाराजी त्यांना दिसणेच शक्य नव्हते. ज्याला आठी दिसत नाही त्याचे मन तरी कसे दुखावणार, असे कुणीही म्हणेल. तरीही अल्लाहने त्याबद्दल समज दिली. पुढे हेच इब्ने उम्मे मकतूम मदिनेत अजान देऊ लागले. बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, म्हणून इब्ने उम्मे मकतूमची अजान होईपर्यंत खा-प्या, असे रोजेदारांना सांगितलेले होते. ‘पहाट झाली, पहाट झाली’ असे लोकांनी सांगितल्यावर ते अजान देत आणि मदिनेतले रोजेदार हात आवरत.

घरातल्या माणसांना तर आठी दिसते. लांबूनही दिसते.

मगरिबची अजान होते. खजूर, पाणी आणि मग भजी. पहिला घास जातो आणि कळते, मीठ चांगलेच जास्त झाले आहे. आई पाण्याचा जग उगाच इकडून तिकडे सरकवते. ती सहा वर्षांची पोर अब्बांच्या तोंडाकडे टक लावून बघत असते. आज परीक्षा तिची आहे. अब्बा घास चावतात, थांबतात.

‘मीठ कुणी बघितलं?’

पोर हात वर करते.

‘तरीच,’ ते म्हणतात. त्यांना हसू आवरत नाही. एका हाताने पाण्याचा पेला पुढे ओढत दुसऱ्या हाताने ते आणखी एक भजे उचलतात.