भिडे मास्तर आणि डॉक्टर हाथी

आमच्या दवाखान्यात बाहेरच्या खोलीत काही वर्षांपूर्वी मी टीव्ही बसवला. सोलापूरच्या पूर्व भागातला दवाखाना, त्यामुळे बाकावर यंत्रमाग कामगार, विड्या वळणाऱ्या बायका, शिलाई कामगार असे सगळे शेजारी शेजारी बसलेले असतात. कोणी तेलुगूत बोलतो, कोणी कन्नडमध्ये, कोणी मराठीत. बातम्या लावल्या की वादावादी व्हायची. क्रिकेट लावले की बायका कंटाळायच्या. शेवटी एकमत झाले ते 'तारक मेहता का उल्टा चश्मा' या मालिकेवर. २८ जुलै २००८ रोजी सुरू झालेली ही मालिका. तारक मेहता यांच्या 'चित्रलेखा'मधल्या गुजराती सदरावर ती बेतलेली आहे. मराठीतही ती 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने दाखवली गेली. जुने भाग दिवसभर कुठे ना कुठे चालू असतात. आमच्या कंपाउंडरला ते कोणत्या वाहिनीवर केव्हा लागतात हे औषधांच्या नावांपेक्षा जास्त पाठ आहे.

मला स्वतःला त्यातले सर्वात आवडते पात्र म्हणजे आत्माराम तुकाराम भिडे. शिकवण्या घेणारे मास्तर, सोसायटीचे 'एकमेव सेक्रेटरी', रत्नागिरीकडचे, सखाराम नावाच्या स्कूटरवर जीव टाकणारे. घरात माधवीवहिनींचा लोणची-पापडांचा व्यवसाय. पाच रुपये जास्त गेले तर यांची झोप उडते, आणि बोलणे सुरू होते ते 'आमच्या जमान्यात' असेच. असा मनुष्य प्रत्येक गल्लीत असतो. (माझी पत्नी म्हणते, आपल्या घरातही आहे.) छत्री घेऊन फिरणारे, लग्नासाठी आसुसलेले पत्रकार पोपटलालही मला आवडतात. संपादकांनी राग मानू नये. 'चला हवा येऊ द्या' ही मराठी मालिका २०१४ साली सुरू झाली. ती सुरू करणारे नीलेश साबळे शिक्षणाने आयुर्वेदाचे डॉक्टर, म्हणून मला थोडा व्यावसायिक अभिमान. त्यातला सागर कारंडे यांचा पोस्टमन पत्र वाचू लागला की हसणारी माणसे डोळे पुसायची. बाकावरही तेच व्हायचे.

जाता जाता एक सांगतो. हसत असताना किंवा बोलत असताना ब्लडप्रेशर मोजू नये, आकडा चुकतो. पाच मिनिटे शांत बसवून मोजावे. त्यामुळे जेठालालची फजिती रंगात आली असेल, तर मी पेशंटला आत घेऊन आधी नुसते बसवून ठेवतो.

पण आज लिहायला बसलो ते डॉक्टर हंसराज हाथी यांच्याविषयी. माझ्याच पेशाचे पात्र. प्रेमळ, गोड बोलणारे, 'सही बात है' म्हणणारे, आणि अगडबंब. त्यांच्यावरचा बहुतेक विनोद दोनच गोष्टींवर चालतो, त्यांचे खाणे आणि त्यांचे आकारमान. भिडे मास्तरांना आपण हसतो ते त्यांच्या स्वभावाला. डॉक्टर हाथींना हसतो ते शरीराला.

विनोदी मालिकांत लठ्ठ मनुष्य बसल्या बसल्या डुलकी काढतो, मोठ्याने घोरतो, दोन जिने चढला की धापा टाकतो. प्रेक्षक हसतात. माझ्या डोळ्यांना मात्र ती लक्षणे दिसतात. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून उठणे, सकाळी डोके जड होणे, दिवसा झोप अनावर होणे, हे सगळे एकत्र असेल तर त्याला स्लीप अॅप्निया म्हणतात. रात्रभर श्वास मधूनमधून थांबत असतो. याने रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. घरातली मंडळी मात्र घोरण्याची नक्कल करून हसवतात. तो मनुष्य डॉक्टरकडे ही तक्रार घेऊन येतच नाही. घोरणे हा काय आजार आहे का, असे त्यालाही वाटत असते.

डॉक्टर हाथींची भूमिका २००९ पासून कवी कुमार आझाद करीत होते. ९ जुलै २०१८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांनी पूर्वी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. आणखी वजन उतरवले तर काम हातचे जाईल अशी त्यांना भीती वाटत होती, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. ते वाचून मी बराच वेळ पेपर हातात धरून बसलो होतो. पुढे अगदी सुरुवातीला हीच भूमिका केलेले निर्मल सोनी परत आले. मालिका चालू राहिली, विनोदही तेच राहिले.

एवढे वाचूनही मी जे केले ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझ्या एक पेशंट आहेत. पंचेचाळीसच्या आसपास वय, घरी गणवेश शिवण्याचे काम, दिवसाचे दहा तास मशीनवर. वजन बरेच, मधुमेह चार वर्षांचा. एका संध्याकाळी दवाखाना गच्च भरलेला, टीव्हीवर नेमके डॉक्टर हाथी, आणि या दारातून आत आल्या. मी तेव्हा बाहेरच उभा होतो. सहज बोलून गेलो, "या या, हाथीसाहेबांची बहीण आली!" सगळा बाक हसला. त्याही हसल्या.

त्यानंतर त्या अकरा महिने आल्या नाहीत. माझ्या ते लक्षातही आले नाही. आल्या तेव्हा मुलाच्या आधाराने, उजव्या पायाला फडके गुंडाळून. अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले होते. गोळ्या संपल्यावर परत घेतल्याच नव्हत्या. उपाशीपोटीची साखर २८० होती. पुढे ते बोट काढावे लागले. ड्रेसिंग करताना मी विचारले, "ताई, एवढे दिवस का आला नाहीत?" त्या म्हणाल्या, "तसं काय नाही ओ डॉक्टर. तुम्ही चेष्टेनं बोलला, मला म्हाईत हाय. पण सगळे हसले की."

मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, जखम दुखत नाही, म्हणून ती वाढते, हे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे. पेशंट डॉक्टरकडे का येत नाही, याचा धडा मात्र मला त्यांनी दिला.

'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधल्या वनिता खरात मला म्हणूनच आवडतात. त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये एका कॅलेंडरसाठी छायाचित्र काढून घेतले आणि मला माझ्या शरीराचा अभिमान आहे, असे जाहीरपणे सांगितले. तेव्हा बऱ्याच लोकांनी नाके मुरडली. अभिमानाने रक्तातली साखर उतरत नाही, हे डॉक्टर म्हणून मला मान्यच आहे. पण लाज वाटली तर मनुष्य ती साखर तपासायलाच येत नाही. आपल्याकडे स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका सुरू होतो, असे मानतात. ही टेप घरच्या घरी, कोणी बघत नसताना लावता येते. त्यासाठी काट्यावर उभे राहायला नको.

वजनकाटा मी आता बाहेरच्या खोलीतून आत, पडद्यामागे नेला आहे. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, कागदावर लिहायचा, अशी कंपाउंडरला ताकीद आहे. टीव्ही मात्र तिथेच आहे. त्या ताई दर महिन्याला येतात, पायात मऊ चप्पल घालून. साखर अजून मनासारखी नाही, पण निम्म्या वाटेवर आली आहे. मागच्या खेपेला भिडे मास्तर घरातले दिवे बंद करीत फिरत होते, आणि त्या पोट धरून हसत होत्या. मी बाहेर डोकावलो तशा म्हणाल्या, "ह्यो मास्तर आमच्या ह्यांच्यासारखाच हाय बघा. पंखा लावला की लगेच लाईटबिल दाखवतोय."

मग मी त्यांना पाच मिनिटे शांत बसायला सांगितले.