काचेआडची गंजिफा

विंचूरहून रोज एसटीने महाविद्यालयात येणाऱ्या एका विद्यार्थ्याने ‘कथात्म साहित्यातील गुरू’ या प्रकल्पासाठी ‘कार्डफाइट व्हॅनगार्ड’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतील पत्त्यांच्या दुकानाचा मालक निवडला. विषय तत्काळ नाकारला गेला. ‘जाहिरातीला साहित्य म्हणत नाहीत’, एवढेच कारण देण्यात आले. आम्हीही विंचूरचेच, आणि मराठीच शिकवतो. म्हणून हा निर्णय आम्हाला का अमान्य आहे हे सांगणे भाग आहे.

ही मालिका जाहिरात आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. २०११ साली मालिका आली आणि त्याच वर्षी बुशिरोड कंपनीचे पत्तेही बाजारात आले. परंतु एखाद्या कृतीचा पैसा कोठून आला एवढ्यावरच तिची पात्रता ठरवायची, तर दरबारी आश्रयावर पोसलेले काव्य आणि पानोपानी जाहिराती छापणारे दिवाळी अंक आपण कोणत्या तोंडाने शिकवतो?

आता तो दुकानदार पाहा. शिन निट्टा ‘कार्ड कॅपिटल’ नावाचे दुकान चालवतो. आइची सेंदो हा बुजरा मुलगा त्या दुकानात येतो, आणि हळूहळू माणसांत येतो. शिन प्रवचन देत नाही. तो टेबल देतो, स्पर्धा भरवतो. दुकानाचा संघ बाहेर खेळायला निघाला की त्यांच्या पाठीशी उभा राहतो. मुले आपला गल्लाही भरतात हे त्याला ठाऊक असते, आणि आपण हरलो तरी उद्या येथे बसायला मिळेल हे मुलांना. विकणे आणि शिकवणे त्याच्या ठायी एकमेकांच्या आड येत नाही. आम्ही मात्र पगार घेऊन शिकवतो आणि स्वतःला बाजारापासून अलिप्त समजतो. असो.

अधिक बोचणारी गोष्ट आपल्या घरातली आहे. सावंतवाडीची गंजिफा आपण सर्वांनी पाहिली आहे. खेळली आहे का? दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. हुकूम नाही. तिघे खेळतात. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती, त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. केवढी ही स्मरणशक्तीची कसरत! १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही कला समजून घेतली, नवे चित्रकार तयार केले. त्यांच्यामुळे पत्ते वाचले. खेळ वाचवणे हे राजघराण्याचे एकट्याचे काम नव्हते; ते तुमचेआमचे होते. आपण काय केले? संच विकत घेतला, चौकटीत बसवला आणि दिवाणखान्यात टांगला. नियम सांगणारा, चुकलेला हात समजावून देणारा कोणी शिन निट्टा आपल्या गावोगावच्या दुकानांत उभा राहिला नाही.

आपले वर्ग याहून फार वेगळे आहेत, असे कोणी म्हणू नये. कविता आपण अशीच टांगतो: कालखंड, प्रवृत्ती, वैशिष्ट्ये, दहा गुण. मुलाने स्वतः एक चुकीचा का होईना अर्थ लावून पाहावा, यासाठी टेबल कोठे आहे? ज्या विद्यार्थ्याला हे टेबल दूरदेशीच्या एका दुकानात दिसले, त्याच्याच प्रकल्पावर आपण काट मारली.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्यातल्या एकाच्या घरी भिंतीवरची गंजिफा उतरवली. त्या विद्यार्थ्याला मुद्दाम बोलावले होते. आम्ही दोघे आणि तो, असे तिघे बसलो. कोणत्या अवताराचा एक्का मोठा यावर आमचा वाद सुरू झाला, तोवर त्याने छापील नियम वाचून पाने चाळीस-चाळीस वाटून ठेवली होती. दुपारची वेळ होती. रामाचा राजा त्याच्याकडेच निघाला.

पहिला डाव आम्ही दोघेही हरलो. प्रकल्पाचा अर्ज त्याने पुन्हा भरला आहे, आणि या वेळी त्यावर मार्गदर्शक म्हणून आमची सही आहे.