‘पाच’ या शब्दाची जात कोणती?

शब्दांच्या जाती शिकवताना एक, दोन, तीन असे काही दिसले, की ‘संख्याविशेषण’ लिहून आपण मोकळे होतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवताना मला ही घाई कधी पटली नाही. शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते. वाक्यात तो काय काम करतो, त्यावरून ती ठरते.

‘पाच मुले आली’ यात पाच हे विशेषण. ‘पाच ही विषम संख्या आहे’ यात तेच नाम. ‘पाचांना बक्षीस मिळाले’ यातही नामच, म्हणून तर त्याला विभक्तीचा प्रत्यय लागला. ‘पाचदा सांगितले’ यात मात्र क्रियाविशेषण.

इंग्रजीतही तसेच. ‘फाइव्ह बॉइज’ आणि ‘फाइव्ह ऑफ देम’ यांतल्या फाइव्हचे काम एक नाही. पण तिथे ‘वन्स’, ‘ट्वाइस’ झाले की ‘थ्राइस’ जुनाट वाटते, पुढे ‘टाइम्स’ जोडावे लागते. आपला ‘दा’ शंभरदा, हजारदापर्यंत पुरतो. ‘बोथ’ दोनावर थांबते. आपण दोन्ही, तिन्ही, चारी म्हणत पुढे जातो. आणि आमच्या कोल्हापुरात मिसळ कशी आहे विचारले, तर ‘एक नंबर!’ एवढेच उत्तर येते. तिथे मोजणी कुठे आहे?

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढे वादळ उठले होते! त्रेसष्ट हा आकडा ‘साठ तीन’ असाही वाचायला शिकवावा, असे त्यात होते. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी त्याची बाजू मांडली. गणितापुरती ती सोय मला मान्य आहे. आकड्याचे नाव सोपे केल्याने भाषा बुडत नाही.

मला काळजी वाटते ती दोघे, तिघी, चौघांची. ‘तिघी आल्या’ म्हटले की किती, माणसे की वस्तू, बायका की पुरुष, सगळे कळते. ‘तीन आल्या’ म्हटले तर त्या एसटीच्या गाड्याही असू शकतात! पण आजूबाजूची मुले सर्रास ‘आम्ही तीन होतो’ म्हणतात, आणि त्यावर कुठे वाद होत नाही.

म्हणून मुलांना ‘संख्याविशेषण ओळखा’ एवढेच विचारू नये. ‘या शब्दाने इथे काय काम केले?’ असे विचारावे. असो. चारचौघांत बोलताना तरी हे ‘चौघे’ टिकावेत, एवढीच इच्छा.