गुणांचे पुजारी

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला संघ कसा बांधावा, यावर आमच्या एका सन्मित्रांनी नुकतेच एक प्रवचन झोडले. त्याचे सार चार वाक्यांत मावते. सामने गुणांनी जिंकले जातात, म्हणून आधी गुण करणारे घ्या. बचाव हा घामाचा मामला, तो कोणालाही शिकवता येतो. गार्ड, फॉरवर्ड, सेंटर हे भेद आता पुसट झाले, तेव्हा भूमिकांचा काथ्याकूट कशाला? आणि पगाराची मर्यादा संपत आली की उरल्यासुरल्या पैशांत दोन-तीन बचावपटू मिळतातच. सन्मित्र याहून सावधपणे बोलले असतील. पण तो सावधपणा आवाजात होता, युक्तिवादात नव्हता.

गुण करणारे गोळा करून काय होते, ते 2004 च्या अंतिम मालिकेत दिसले. लेकर्सकडे शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन. डेट्रॉइटकडे चाउन्सी बिलप्स आणि ज्यांची नावे सन्मित्रांना आजही आठवून सांगावी लागतील असे काही लोक. डेट्रॉइटने मालिका 4-1 अशी मारली. तिसऱ्या सामन्यात लेकर्सचे गुण किती? 68. हडकुळ्या टेशॉन प्रिन्सने लांबलचक हातांनी ब्रायंटला 11 गुणांवर रोखले. ‘मलोनचा गुडघा दुखावला होता हो!’ हे पालुपद मी पुष्कळदा ऐकले आहे. त्या तिसऱ्या सामन्यात मलोन खेळला होता.

बचाव घामाने येतो म्हणणाऱ्यांनी डेट्रॉइटच्याच बेन वॉलेसकडे पाहावे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला कोणीही निवडले नव्हते. पुढे तो चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला. घाम तर सगळेच गाळतात. चेंडू हातातून सुटण्याआधी तो कुठे जाणार, हे ओळखणे घामाने आले असते तर असे चारशे वॉलेस दिसले असते.

पण सन्मित्रांच्या मांडणीतली खरी गोम निराळीच आहे. बचाव म्हणजे पाच जणांच्या कर्तबगारीची बेरीज, असे ते धरून चालतात. चार चांगले आणि एक कच्चा, म्हणजे ऐंशी टक्के चांगला बचाव! शाळेच्या प्रगतिपुस्तकात हा हिशेब शोभेल. मैदानावर आक्रमण आणि बचाव यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो लक्षात न घेता संघबांधणीवर बोलणाऱ्याने आधी चार सामने आवाज बंद करून पाहावेत. आक्रमणात चेंडू कोणाकडे द्यायचा हे आपण ठरवतो. ज्याची नेमबाजी बेताची, त्याला चेंडू देऊ नये, कोपऱ्यात उभा करावा, झाकावा. बचावात मात्र कोणाची परीक्षा घ्यायची हे समोरचा ठरवतो. कबड्डीत चढाईला आलेला गडी तुमचा भक्कम कोपरा सोडून कच्च्या कोपऱ्यावर जातो, तसेच हे. फरक इतकाच की, बास्केटबॉलमधला चढाईपटू कच्च्या गड्याला हवे तिथे बोलावूनही आणतो.

कसे आणतो? पिक-अँड-रोलने. कच्चा बचावपटू ज्याला राखतो आहे, त्या खेळाडूला वर बोलवायचे आणि चेंडूवाल्याच्या पहारेकऱ्याला त्याची आडकाठी घालायची. पहारेकरी अडकला की बचाव करणारे दोघे गडी बदलतात, आणि समोरच्या सर्वांत घातक माणसापुढे तुमचा सर्वांत लेचापेचा माणूस एकटा उभा राहतो. 2016 च्या अंतिम मालिकेतला गोल्डन स्टेट आणि क्लीव्हलँड यांचा सातवा सामना. दोन्ही संघ 89 वर अडलेले, मिनिटभराचा खेळ उरलेला. कायरी अर्विंगवर क्ले थॉम्पसन होता. क्लीव्हलँडने जे. आर. स्मिथला वर आणले. का, तर स्मिथवर स्टीफन करी होता. गडी बदलले, अर्विंगसमोर करी आला, आणि अर्विंगने त्याच्या डोक्यावरून तीन गुणांचा फटका मारला. गोल्डन स्टेटकडे त्या हंगामातला 73 विजयांचा विक्रम होता, एकमताने निवडलेला सर्वोत्तम खेळाडू होता, आणि ड्रेमंड ग्रीन, आंद्रे इग्वोडालासारखे पट्टीचे बचावपटूही होते. ते सगळे तिथेच उभे होते. त्यांना कोणी विचारलेच नाही.

लगेच दुसऱ्या बाजूला काय झाले, तेही सांगतो, नाहीतर सन्मित्र सांगतील. गडी बदलून करीसमोर केव्हिन लव्ह आला. बचावात लव्हची ख्याती यथातथाच. तरी त्या वेळी तो पाय रोवून टिकला आणि करीचा फटका हुकला. ‘बघा, कोणीही बचाव करू शकतो!’ एका वेळी करू शकतो, मान्य. ज्याला एकदा तरता आले त्याला समुद्रात सोडायचे की नाही, ते सन्मित्रांनी ठरवावे.

आकडेवाल्या मंडळींशी माझा जुना वाद आहे, तो इथे उकरल्याशिवाय राहवत नाही. बचाव मोजता येत नाही, म्हणून तो दुय्यम, असे ते म्हणत. एनबीएने स्टील (चेंडू हिसकावणे) आणि ब्लॉक (फटका अडवणे) मोजायला सुरुवात केली ती 1973-74 पासून. बचावासाठी गाजलेला बिल रसेल त्याआधीच निवृत्त झाला होता. म्हणजे त्याच्या ब्लॉकची अधिकृत नोंद शून्य. 1961-62 मध्ये विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे 50.4 गुण केले आणि विजेतेपद रसेलच्या बॉस्टनला गेले. रसेलची एकूण विजेतेपदे 11, हंगाम 13. आता ब्लॉक मोजतात. पण समोरचा बास्केटखाली शिरायला कचरला आणि त्याने चेंडू परत मागे दिला, ते कोणत्या रकान्यात लिहितात?

राहिला गार्ड, फॉरवर्ड, सेंटरचा मुद्दा. जागांची नावे गेली म्हणून कामे गेली नाहीत. चेंडू कोणीतरी आणायचा असतो आणि रिंग कोणीतरी राखायची असते. यावर अधिक शाई खर्च करावी, इतका तो मुद्दा वजनदार नाही.

मग संघ बांधावा कसा? शेवटच्या पाच मिनिटांत मैदानावर राहतील असे पाच जण आधी कागदावर लिहावेत. त्यांत ज्याला बोलावून झोडता येईल असा जास्तीत जास्त एक, आणि तोही करीच्या तोडीचा गुण करणारा असेल तरच. उरलेल्या चौघांना गडी बदलता आले पाहिजेत. त्यांना कोपऱ्यातून तीन गुणांचा फटकाही मारता यावा, कारण नुसता बचाव करणाऱ्याला समोरचे मोकळे सोडतात. 2015 मध्ये मेम्फिसच्या टोनी अॅलनचे हेच झाले. त्या हंगामातल्या सर्वोत्तम बचावपटूंत त्याची गणना, आणि गोल्डन स्टेटने त्याच्यावर चक्क आपला सेंटर अँड्र्यू बोगट ठेवला. म्हणजे कोणीच ठेवला नाही.

आणि असे लोक ‘उरल्यासुरल्या पैशांत’ येत नाहीत. ओक्लाहोमा सिटीने जून 2024 मध्ये जोश गिडी हा सहाव्या क्रमांकावर निवडलेला तरुण खेळाडू शिकागोला दिला आणि बदल्यात अॅलेक्स करूसो घेतला. करूसो तिशीतला, ड्राफ्टमध्ये न निवडलेला, कारकिर्दीत सामन्यामागे सात-एक गुण करणारा. गुणांच्या पुजाऱ्यांनी नाके मुरडावीत असाच हा सौदा. पुढच्या मोसमात बाद फेरीत डेन्व्हरविरुद्धच्या मालिकेच्या सातव्या सामन्यात 6 फूट 5 इंचांच्या करूसोला 6 फूट 11 इंचांच्या निकोला योकिचवर सोडण्यात आले. सामना 125-93 असा संपला, आणि पुढे विजेतेपदही ओक्लाहोमालाच मिळाले. त्या संघात लीगमध्ये सर्वाधिक सरासरीने गुण करणारा शे गिल्जस-अलेक्झांडर होता, हे सन्मित्र आता सांगतीलच. होता की! फक्त योकिचवर त्याला कोणी पाठवले नाही.